शिरा कुठल्या, मार कुठला

आमच्या डेपोतल्या बायका हल्ली मला विश्रांतीगृहात बाजूला घेतात, सलवारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर करतात आणि विचारतात, "वैशालीताई, हे जाळं इंजेक्शननं जातंय म्हणं. तुम्ही घेतलासा न्हवं? लई दुखतंय काय?"

मी सांगते की सगळं जात नाही, पण बरंच जातं. सुई केसासारखी बारीक असते. आधी मुंगी चावल्यासारखं होतं, मग शिरेतून आग पुढे सरकते आणि मिनिटभरात थांबते. नंतर घट्ट मोजे घालून चालायचं. मलमं लावून काही होत नाही, त्यात वेळ घालवू नका. इतकं सांगून मी गप्प बसायचे. पण माझ्या पायांची गोष्ट तेवढीच नाही, आणि ऐकणाऱ्यांत एखादी तरी अशी असेल की जिला उरलेली गोष्ट जास्त कामाची आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी एसटीत वाहक आहे, पंधरा वर्षं झाली. कोल्हापूर-चंदगड ही माझी नेहमीची गाडी. वाहकाला सीट असते, पण भरल्या गाडीत तिच्यावर कुणीतरी म्हातारी बसलेली असते आणि आपण उभ्यानंच. वळण आलं की एका पायावर भार, संपलं की दुसऱ्या. सानिका, माझी मुलगी, तिच्या वेळच्या माझ्या बाळंतपणानंतर माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला , गुडघ्यामागं आणि नडगीच्या वरच्या बाजूला तांबड्या-जांभळ्या बारीक शिरा दिसायला लागल्या. पुढच्या काही वर्षांत त्यांचं जाळं झालं. त्रास म्हणाल तर संध्याकाळी पाय जड व्हायचे आणि पोटऱ्यांत गोळे यायचे.

माझ्या पायांवर दुसरेही डाग असायचे. नवरा मारायचा त्याचे.

पहिल्यांदा ते शोभाताईंनी बघितले. त्या माझ्या आधीपासून वाहक आहेत, मला ड्यूटी शिकवली ती त्यांनीच. मी कपडे बदलत होते आणि त्यांची नजर नडगीवर गेली.

"काय गं हे? काळंनिळं?"

"शिरा आल्यात," मी म्हणाले.

"आमच्या आईलाबी हुत्या," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. इतकं सोपं होतं ते. त्या दिवसापासून माझ्या पायावर जे जे उमटलं त्याला मी शिरा म्हणत गेले. सासूला, शेजारणीला, माहेरी वडलांना म्हणजे आप्पांना, सगळ्यांना एकच उत्तर.

मोटर

दिलीप, माझा नवरा, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. दारू नाही, तंबाखू नाही. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. गल्लीत कुणाचाही अर्ज लिहायचा असला की लोक त्याच्याकडे येत. मी त्याला 'अहो' म्हणायचे. आता 'तो' म्हणते.

तो कमरेच्या खालीच मारायचा. गणवेश घातला की काही दिसू नये एवढं भान त्याला कायम असायचं. बहुतेक वेळा लाथेनं, आणि बूट घालून झाल्यावर. सकाळी निघताना नाहीतर संध्याकाळी आल्या आल्या. मारायच्या आधी तो स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची मोटर चालू करायचा. जुनी मोटर, भिंती थरथरायच्या तिच्या आवाजानं. ती चालू असेपर्यंत माझं ओरडणं बाहेर जात नसे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं पाणी लई लागतंय की."

कारण काहीही चालायचं. गाडीला उशीर झाला, भात गिचका झाला, चालकाशी फोनवर हसून बोलले. कधी कधी तो कारण सांगायचाच नाही, आणि मी पडल्या पडल्या ते शोधत बसायचे.

एक दिवस सांगते. गडहिंग्लजच्या पुढं एक पिऊन तर्र झालेला माणूस तिकीट घेईना. मी मशीन पुढं केलं तसं त्यानं माझं मनगट धरून पिरगाळलं आणि एक घाण शिवी दिली. मी दुसऱ्या हातात मशीन घेतलं आणि त्याच्या नाकावर हाणलं. रक्ताची चिळकांडी माझ्या खाकीवर आली. तो परत अंगावर आला तेव्हा कॉलर धरून त्याला दारापर्यंत ओढत नेला. चालक माने मामांनी गाडी थांबवली, आणि मी त्याला रस्त्यावर उतरवला. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "पावणं, बघितलासा न्हवं? तिकीट काढून बसा सगळी." गाडी हसली. मीही हसले.

घरी गेले. दिलीपनं खाकीवरचं रक्त बघितलं.

"कुणाचं हे?"

मी सांगितलं.

"पुरुषाच्या अंगाला हात लावलास," तो त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला आणि मोटर लावायला उठला.

त्या दिवशी त्यानं माझ्या मांडीच्या मागं टाचेनं मारलं. दुपारी ज्या हातानं मी धडधाकट गड्याला गाडीतून खाली उतरवलं होतं, तो हात मी नुसता डोक्यावर धरून बसले होते. लोक विचारतात, एवढी धिप्पाड बाई, उलटून का मारलं नाहीस? मला खरंच माहीत नाही. गाडीत मी वाहक होते. घरात मी कोण होते ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

अंगठा

डॉक्टरकडे मला त्यानंच पाठवलं. नणंदेच्या घरी कार्यक्रमात मांडी घालून बसताना माझी साडी वर सरकली आणि सासू सगळ्यांत म्हणाली, "पायावर काय गं हे कोळ्याचं जाळं?" घरी आल्यावर दिलीप म्हणाला, "किळस येते बघून. आमच्या साहेबांच्या मिसेसनी करून घेतलंय. मी नंबर लावतो." त्यानंच फोन केला. माझे पाय देखणे व्हावेत असं त्याला मनापासून वाटत होतं. हे मी चेष्टेनं लिहीत नाही.

शिरांवर उपचार करणाऱ्या त्या डॉक्टर मॅडम मूळच्या जयसिंगपूरच्या. व्यापाऱ्याच्या घरातल्या, जैन. बोलणं रोखठोक आणि मोठ्यानं. त्यांनी मला एका पाटावर उभं केलं, सलवारीचा पाय वर घ्यायला लावला आणि स्वतः खाली उकिडव्या बसल्या. शिरा उभ्या माणसाच्याच नीट दिसतात म्हणाल्या.  मग मांडीवरच्या एका जांभळ्या फांदीवर अंगठा दाबला.

"खाली बघा. दाबलं की गेली. आता सोडते. परत भरली. ही शीर."

मग अंगठा चार बोटं खाली नेला. तिथं हिरवट-निळा डाग होता.

"हे दाबते. गेलं?"

"न्हाय."

"न्हाय जाणार. हे शिरेतलं रक्त न्हवं, शीर फुटून बाहेर सांडलेलं हाय. कशानं लागलं?"

"बसची पायरी."

त्यांनी माझा पाय फिरवला. "आणि मागं? पायरी मागनं येऊन मारती काय?"

 मी पाटावरून उतरले, कपडे सारखे केले आणि म्हणाले, "तुम्ही शिरांचं बघा. त्यासाठी आलेय."

"बघते," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या शिरा नुसत्या दिसायला वाईट, त्या तशाच ठेवल्या तरी चालतात. नको असतील तर जरा मोठ्या आहेत त्यांना इंजेक्शन. औषधानं शीर आतून चिकटते आणि हळूहळू शरीर तिला जिरवून टाकतं. अगदी बारीक तांबड्या आहेत त्यांना लेझर. तीन-चार बैठका लागतात, मधे महिनाभर जाऊ द्यायचा. उभं राहायचं काम सोडलं नाही तर नवीन येत राहणार. आधी सोनोग्राफी करून आतल्या मोठ्या शिरा धड आहेत का ते बघायचं. माझ्या धड निघाल्या.

"ह्या शिरांनी तुमच्या जिवाला धोका न्हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डागांचं मी तसं लिहून देऊ शकत न्हाय."

त्यांनी कपाटातून कॅमेरा काढला.

"दर वेळी उपचाराआधी पायाचे फोटो काढावे लागतात. फरक बघायला. फोटोवर तारीख असती. फोटोत सगळं येणार, शिराबी आणि हेबी. चालंल?"

मी सही केली. बाहेर आल्यावर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसले आणि सलवारीवरूनच अंगठ्यानं पाय दाबत राहिले. काही दिसत नव्हतं, पण कुठं दुखतं ते कळत होतं. शिरा दाबल्यावर दुखत नाहीत. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती.

मार वर सरकला

पहिल्या बैठकीला मी घाबरले होते. सिस्टर वयानं माझ्याएवढीच, तिनं माझा हात धरला आणि चंदगडच्या काजूचा भाव विचारत बसली. सुई टोचली की मी दात आवळायचे. मॅडम म्हणायच्या, "आवळू नका, सोडा अंग." अंग सोडायचं कसं ते मला आठवेना. कुणी पायाजवळ आलं की माझे पाय आपोआप पोटाशी येत. एकदा तर मी मॅडमच्या खांद्यावर लाथ मारली. सुई खाली पडली. मी रडकुंडीला येऊन माफी मागायला लागले.

"असू दे," त्या खांदा चोळत म्हणाल्या. "पायाला सवय लागलीया. पायाचा दोष न्हाय."

मग मांडीपर्यंतचे घट्ट मोजे चढवले आणि अर्धा तास चालायला लावलं. ते मोजे मला फार आवडले. उकाड्यात खाज यायची, काढताना नाकी नऊ यायचे. पण दिवसभर गाडीत उभं असताना कुणीतरी दोन्ही हातांनी पाय धरून ठेवल्यासारखं वाटायचं. संध्याकाळचा जडपणा निम्म्यानं कमी झाला. माने मामांना मी उपचार चालू आहेत एवढंच सांगितलं होतं. ते स्टँडवर गाडी लागली की प्रवाशांना दारातच अडवायचे, "दम धरा जरा, कंडक्टर बसल्यात." ती पाच-दहा मिनिटं मला पुरायची.

दिलीप रोज मोजे काढायला लावून पाय बघायचा. बाजारातून आणलेली वस्तू उजेडात फिरवून बघावी तसा. मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं की पायाला मार लागू द्यायचा नाही. तो कागद त्यानं नीट वाचला, आणि खरंच पायाला हात लावला नाही. मार वर सरकला. पाठ, बरगड्या, दंडाची आतली बाजू. एकदा केसांना धरून त्यानं माझं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं आणि मी खाली बसले तेव्हा म्हणाला, "पाय सांभाळ. उपचार वाया जातील."

दुसऱ्या बैठकीला मॅडमनी पायाचे फोटो घेतले आणि मग माझा दंड धरला. मी "आई गं" म्हणाले. त्यांनी बाही वर करून तिथलाही फोटो घेतला. मी नको म्हणाले नाही. त्यांच्याकडे एका कागदावर पायांची पुढून आणि मागून रेखाटनं छापलेली होती. त्यावर त्या निळ्या पेननं शिरा काढायच्या. त्याच कागदावर लाल पेननंही काहीतरी काढताना मी बघितलं. विचारलं नाही.

सानिका

दुसऱ्या बैठकीनंतरचा पाचवा दिवस. मी दुपारी ड्यूटी संपवून घरी आले. सानिका तेव्हा चौदाची. ती नळाखाली पाय धूत होती, शाळेची सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिच्या उजव्या नडगीवर मुठीएवढा निळा डाग होता.

"हे काय गं?"

तिनं मान वर केली नाही. "काय न्हाय. शिरा आल्यात."

मी ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि अंगठा दाबला. डाग गेला नाही. सानिकानं पाय मागं ओढला.

"कधी?"

"बुधवारी. तू मुक्कामी गाडीला गेलतीस."

"कशावरनं?"

"पप्पांचा चार्जर सापडंना मला."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मोटर लावलती?"

"व्हय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी वरडलोच न्हाय पण."

कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी ती बोलायची, मुलासारखी. एरवी मी तिला टोकायचे. त्या दिवशी मी तिचे पाय पुसले आणि पिशवी भरायला घेतली. तिची पुस्तकं, दोघींचे कपडे, माझा गणवेश. आप्पांकडं नेसरीला जायचं, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळची गाडी मिळाली असती. पण दिलीप त्या दिवशी लवकर आला.

दारातच त्याला पिशवी दिसली. मी विचारलं, "पोरीला लाथ घातलीस?" आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकेरीत.

 त्यानं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं आणि मोटरच्या बटणाकडे निघाला. मी जाऊन बटणापुढं उभी राहिले.

"बाजूला हो."

"न्हाय."

त्यानं लाथ मारली, बुटासकट, नडगीच्या वरच्या बाजूला, नेमकी जिथं इंजेक्शनं दिली होती तिथं. मोज्याच्या आत काहीतरी फुटलं आणि गरम ओघळ घोट्यापर्यंत गेला. दुसरी लाथ उचलली तेव्हा मी त्याची कॉलर धरली.

त्यापुढचं मी लपवत नाही. मी त्याला दारावर आपटला. त्याचं कपाळ कडीच्या लोखंडावर फुटलं आणि रक्त डोळ्यात आलं. तो खाली बसला. तिथं थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी त्याला लाथांनी मारलं, कमरेत, मांडीवर, मला तो जिथं मारायचा तिथंच, आणि मारताना मला बरं वाटत होतं. मोटर बंद होती. त्याचं ओरडणं अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

सानिकानं मागून माझ्या कमरेला मिठी घातली. "आई, सोड. मरंल तो."

मी सोडलं.  शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. माझ्या पायाकडं, फरशीवर साचलेल्या रक्ताकडं बघत होत्या.

फाइल

तो माझ्याआधी पोलीस स्टेशनात पोचला. मी सानिकाला घेऊन गेले तेव्हा तो कपाळाला रुमाल लावून खुर्चीवर बसला होता आणि महिला हवालदार त्याचं ऐकत होत्या. तो हळू बोलत होता म्हणून त्या पुढं वाकल्या होत्या.

"बायको तापट आहे," तो सांगत होता. "एसटीत प्रवाशालाही मारलंय तिनं, विचारा डेपोत. तिच्या पायाला शिरांचा आजार आहे. मीच उपचार करतोय. इंजेक्शनांनी असे काळेनिळे डाग पडतात. ते दाखवून आता माझ्यावर आळ घालेल."

हवालदार मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "शिरांचा आजार हाय तुम्हाला?"

"हाय," मी म्हणाले. काय म्हणणार? होताच की.

त्यांनी डेपोत फोन लावला. नेमक्या शोभाताई ड्यूटीवर होत्या. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"व्हय मॅडम, तिच्या पायाला शिरांचा लई तरास हाय. म्हणजे अगदी सुरुवातीपास्नं. मी सोता बघितलंय की."

शोभाताईंच्या तोंडात ते शब्द मीच घातले होते. तेरा वर्षं मी त्याच्या बाजूनं साक्ष गोळा करत आले होते, एकेका माणसाला गाठून. त्याच्या कपाळावरची खोक सगळ्यांना दिसत होती. माझं सगळं कपड्यांच्या आत होतं, आणि त्याला मीच नाव देऊन ठेवलं होतं. त्या बाकावर बसून मला इतकी भीती वाटली की तेवढी मार खाताना कधी वाटली नव्हती.

दिलीप म्हणाला, "फाइल मागवा ना डॉक्टरांकडून. सगळं लिहिलेलं असेल त्यात."

हवालदार मॅडमनी मला विचारलं, "मागवू? तुमची हरकत?"

"मागवा," मी म्हणाले.

आधी मला सरकारी दवाखान्यात नेऊन पायाला टाके घातले. परत आले तोवर डॉक्टर मॅडम स्वतः आल्या होत्या, बाह्यरुग्ण तपासणी अर्धवट सोडून. त्यांनी लॅपटॉप टेबलावर फिरवला आणि पेनाच्या टोकानं दाखवायला सुरुवात केली.

"ही शीर. हीबी शीर. हा बुटाचा मार, हे टाचेचं अर्धगोल दिसतंय बघा. हा दुसऱ्या तारखेचा फोटो. इथल्या शिरा कमी झाल्यात. पायावर नवा मार न्हाय. दंडावर हाय. बोटं मोजा तुम्ही. चार पुढं, अंगठा मागं."

मग तो छापील कागद. निळ्यानं शिरा, लाल रंगानं मार, प्रत्येक डागाजवळ लांबी-रुंदी. खाली त्यांनी लिहिलं होतं, "रुग्ण सांगते: बसच्या पायरीने लागले. मला हे पटत नाही. पुन्हा विचारणे."

दिलीपनं मनगटाकडं बघितलं, घड्याळ टीव्हीवरच राहिलं होतं. मग तो म्हणाला, "मला पाणी मिळेल का?"

कुणी उठलं नाही. हवालदार मॅडमनी नवा कागद घेतला. "बाई, आता तुम्ही सांगा."

 तेरा वर्षांत एकच वाक्य पाठ झालं होतं आणि आता ते चालणार नव्हतं. सानिकानं सलवार वर केली, पाय टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझं आधी लिवून घ्या."

नंतर

आप्पा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नेसरीहून आले. त्यांनी रोजंदारी करून आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी दहावीची गुणपत्रिका अजून लावलेली आहे. ते माझ्या शेजारी बसले आणि बराच वेळ टाक्यांच्या पट्टीकडं बघत राहिले.

"मला शिरा म्हणून सांगितलंस," ते म्हणाले. "मी वैद्याकडनं तेल आणून दिलं तुला. तूबी घेऊन गेलीस."

"चुकलं आप्पा."

"तुझं न्हवं. मी तेल देत बसलो. पाय बघाय पायजे हुता."

शोभाताई आल्या त्या भांडायलाच. "माझ्या तोंडानं खोटं वदवलंस," म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या. त्यांचा हात वर गेला तशी मी दोन्ही हातांत डोकं लपवलं. त्या तिथंच थबकल्या. मग जमिनीवर बसून रडल्या. त्यांच्याच ओळखीनं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. तिथं पाणी नळाला थेट येतं.

पायाची जखम भरायला दोन महिने गेले. तिथं रुपयाएवढा तपकिरी व्रण राहिला आहे, तो जाणार नाही. जखम भरल्यावर मी उरलेल्या दोन बैठका पूर्ण केल्या, शेवटची लेझरची. ते रबर ताणून सोडल्यासारखं लागतं, सोसण्याजोगं आहे. नात्यातल्या एकीनं विचारलं, "आता कुणासाठी?"  मोठ्या शिरा गेल्या, बारीक थोड्या राहिल्या, आणि गुडघ्यामागं एक नवी आली आहे. कुणी पायाजवळ वाकलं की अजून पाय पोटाशी जातात. त्याला औषध मिळालेलं नाही, पण एका समुपदेशक बाईंकडे मी आणि सानिका दोघी जातो. सानिकाला माझी भीती वाटते, असं तिनं तिथं सांगितलं. त्या संध्याकाळी मी जशी दिसले त्याची. ते ऐकणं टाके घालून घेण्यापेक्षा अवघड होतं. तिनं सांगितलं, हे बरं झालं.

संरक्षणाचा आदेश मिळाला आहे. त्याला आमच्या घराकडं फिरकता येत नाही. त्यानं माझ्यावर केलेली तक्रारही चालू आहे आणि घटस्फोटाचा दावाही. कोर्टात माझी साक्ष झाली तेव्हा माझ्या वकीलबाईंनी बजावलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच सांगा. त्याच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही माझ्या अशिलाला मारलंत, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"तो खाली पडल्यावरही?"

वकीलबाई माझ्याकडं बघत होत्या. मला खोटं बोलता येतं, चांगलं येतं, इतकी वर्षं केलेलं काम आहे ते.

"व्हय. पडल्यावरबी."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाय."

न्यायाधीश मॅडमनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्यावर जरा रागावल्या, मग म्हणाल्या, "असू दे. खरं बोललात, पुढचंही खरं धरतील."

जिन्यात दिलीप भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, कपाळावर बारीक पांढरी रेघ. लोक वरखाली करत होते. तो बाजूला सरकला आणि त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "पाय कसे आहेत आता?"

या खेपेला मी पुढं वाकले नाही. तो जिथं होता तिथं राहिला, मी जिथं होते तिथं.

"आता माझे हायत," मी म्हणाले.

माझी दोनची चंदगड होती. मी जिना उतरून डेपोकडे चालायला लागले.